विषय : गाडी आचके देत असल्याबाबत

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, समोर नारळ फोडतात आणि सोनं वाटायला निघून जातात. डिंगोऱ्याच्या चांगदेवरावांना हे कधीच पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की बॉनेट म्हणजे नुसता पत्रा. राबतं ते इंजिन, आणि हार मिरवतो पत्रा. (चांगदेवराव जुन्नरच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आहेत. काम कोण करतं आणि हार कुणाच्या गळ्यात पडतो, हा त्यांचा तेवीस वर्षांचा हळवा विषय आहे.)

म्हणून यंदाच्या दसऱ्याला त्यांनी बॉनेट उघडायचं ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं रामायण ह्या एका बॉनेटातून निघालं.

गाडी छोटी, पेट्रोलवरची, बऱ्यापैकी जुनी. तिच्या आयुष्यातले चांगदेवराव हे तिसरे मालक, पण ते स्वतःला पहिलेच समजत. त्यांनी इंजिनाच्या एकेका भागाला हळद-कुंकू वाहिलं. बॅटरीला वाहिलं, रेडिएटरला वाहिलं, ज्या भागांची नावं ठाऊक नव्हती त्यांना जरा जास्तच वाहिलं. बायको तेजस्विनी समोर मोबाईल धरून शूटिंग करत होती, कारण शूटिंगशिवाय पूजा म्हणजे जावक नंबर नसलेलं पत्र.

"अहो, नारळ बाहेर फोडा की," ती म्हणाली. "मी दगड ठेवलाय ना खाली."

"तू फक्त मोबाईल सरळ धर."

"आत पाणी जाईल."

"तीर्थ आहे ते. तीर्थानं काय होत नाही."

इंजिनाजवळच्या एका लोखंडी पट्टीवर त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला आणि पाणी बरोबर मधोमध ओतलं. तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर गेला, कचेरीच्या ग्रुपवर गेला, चांगदेवरावांच्या स्टेटसला लागला. सत्तावीस जणांनी हात जोडले. आपण परंपरेत काहीतरी मोलाची भर घातली, असं समाधान घेऊन चांगदेवराव त्या दिवशी झोपले.

दिवाळी झाली आणि तेजस्विनी चालवत असताना गाडीनं पहिला आचका दिला. (तसा पहिला आचका चांगदेवराव स्वतः चालवत असताना नारायणगावजवळ बसला होता, आणि दुसरा आळेफाट्याला. पण नवरा चालवत असताना बसलेला आचका हा रस्त्याचा असतो.)

तेजस्विनीला लायसन मिळून तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. ती गाडी शिकली ती हौस म्हणून नव्हे. तिची आई ठमाबाई निरगुडसरला एकटी राहते, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चहा कपात ओतायचा तर अर्धा बशीबाहेर जायचा, अंगणात यायचं तर भिंतीला हात लावून यावं लागायचं. तिला मंचरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की चांगदेवराव म्हणत, "साहेबांना विचारून सांगतो." साहेब कधी मीटिंगला असत, कधी दौऱ्यावर. असं वर्ष गेलं. मग तेजस्विनीनं विचारायचंच बंद केलं आणि जुन्नरला ड्रायव्हिंग क्लास लावला. आईला आपली आपण घेऊन जाता यावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते फार मनापासून होतं.

तर त्या दिवशी ती ओतूरहून एकटी गाडी घेऊन येत होती. गाडी दोनदा आपोआप गुरगुरली, तीनदा हिसके देऊन थबकली आणि शेवटी गावच्या पारासमोर, मावळतीचं ऊन खात बसलेल्या सगळ्या मंडळींच्या साक्षीनं, बंद पडली.

"मी म्हणतच होतो," चांगदेवराव म्हणाले. "गाडी म्हणजे काय शिलाई मशीन नाही, दिसेल तसा पाय मारायला."

"शिलाई मशीन सोळा वर्षं चालवते मी. ते कधी बंद नाय पडलं."

"बायकांचा पाय पडला की गाडीचं सेटिंगच बिघडतं. जगभर हेच आहे."

तेजस्विनीनं ओढणी खांद्यावर घेतली. त्या वेळी चांगदेवरावांचे चुलतभाऊ सावळेराम पडवीत चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "भावजी, तुमी ऐका. गाडी माझ्यामुळं बिघडली असंल, तर मी पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाय. पण ह्यांच्यामुळं बिघडली असंल, तर चावी माझ्याकडं. आईला न्यायचं-आणायचं मी, आन् ह्यांनी मागच्या सीटवर बसायचं. काय व्हो, मान्य हाय का?"

"मान्य," चांगदेवराव हसून म्हणाले, आणि चावी खिशात टाकली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फाईल उघडली. खरीखुरी फाईल, लाल फितीची. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : गाडी आचके देत असल्याबाबत', आणि खाली, 'संदर्भ : सौ. यांचे ओतूर ते डिंगोरे ड्रायव्हिंग'. गुन्हेगार आधी ठरला की तपासाला वेळ लागत नाही, हे ते कचेरीत शिकले होते.

तांत्रिक सल्लागार म्हणून सावळेराम आले. सावळेरामांकडे वीस वर्षं ट्रॅक्टर आहे, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत असतं. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"पेट्रोलात पाणी हाये," ते म्हणाले.

पेट्रोल काढून दुसरं भरलं. आचके तसेच.

"प्लग काळं झालं असत्याल."

प्लग काढून घासले. आचके तसेच, वर एक प्लग नीट आवळायचा राहिला तो वेगळाच आवाज करायला लागला. एअर फिल्टर काढून भिंतीवर आपटला. त्यातून एक मूठभर माती, दोन झुरळं आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या. पाकळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मंग एकच राहिलं," सावळेराम आवाज खाली आणून म्हणाले. "बिबट्या टपावर बसला असंल. वजनानं आतलं काय तरी दबलं."

(आमच्या तालुक्यात कशाचंच कारण सापडेनासं झालं, की बिबट्याचं नाव निघतं. कोंबडी गेली, चप्पल गेली, लग्न मोडलं, सगळीकडे तोच. बिबट्या बिचारा खुलासा द्यायला येत नाही.)

चांगदेवरावांना बिबट्या चालणार नव्हता. फाईलीत दोषी म्हणून सौ. यांचं नाव आधीच पडलेलं होतं. म्हणून त्यांनी ऑनलाईन एक छोटं यंत्र मागवलं. स्टेअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात ते बसवायचं, म्हणजे गाडीला काय दुखतंय ते मोबाईलवर दिसतं. आठ दिवसांनी यंत्र आलं. त्यांनी ते बसवलं, आणि मोबाईलवर इंग्रजीत एक ओळ उमटली. थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

चांगदेवरावांनी ती ओळ तीनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं," ते म्हणाले. "थ्रॉटल म्हणजे अॅक्सिलरेटर. पोझिशन म्हणजे पाय ठेवायची पोझिशन. आणि सेन्सर म्हणजे ज्याला हे कळतं तो. पाय चुकीच्या पोझिशनला पडतोय, हे गाडीलासुद्धा समजलंय."

त्यांनी कचेरीत त्याची प्रिंट काढली, खाली लाल रेघ मारली आणि फाईलीत पान क्रमांक अकरा म्हणून लावली. तेजस्विनीनं ते पान शांतपणे वाचलं.

"कुणाचा पाय ते लिहिलंय का ह्याच्यात?"

"ते अनुभवानं कळतं."

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी आईचं ऑपरेशन हाय. बाराच्या आत मंचरला पोचायचंय, नायतर डॉक्टर पुढची तारीख देणार, म्हणजे आणखी दोन महिने. गाडी भरवशाची नसंल तर आत्ताच सांगा, मी दुसरी सांगते."

"दुसरी कशाला? गाडी उत्तम आहे. मी चालवणार म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

मंगळवारी साडेसातला दोघं निघाले. गणेशखिंडीचा चढ लागेपर्यंत चांगदेवराव पाय कसा ठेवावा ह्यावर बोलत होते. टाच टेकलेली, चवडा अलगद, मन शांत. चढ लागला तसा त्यांनी पाय दाबला आणि गाडी गपगार झाली. पाय काढला तर इंजिन आपणच भुंकायला लागलं. पुन्हा दाबला तर तीन हिसके आले. मागून टोमॅटोचा पिकअप हॉर्न वाजवत होता. ऐन वळणावर गाडी बंद पडली.

तेजस्विनीनं वाकून नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

"पोझिशन बरोबर हाय ना हो?"

"चढ आहे," चांगदेवराव म्हणाले.

पिकअपवाल्यानं उतरून, हातभार लावून, वर दोन शब्द ऐकवून गाडी बाजूला घेतली. कशीबशी ती पुन्हा सुरू झाली आणि खिंड ओलांडून जवळजवळ उतारावरच घरंगळत जुन्नरला आली. तेजस्विनी सारखी घड्याळ बघत होती. पावणेनऊ झाले होते. आई सकाळपासून पिशवी घेऊन ओट्यावर बसली असणार आणि रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजाला मान वळवत असणार, हे तिला बसल्या जागी दिसत होतं. पण रडायला आत्ता वेळ नव्हता.

"नवाबभाईंच्या गॅरेजला घ्या," ती म्हणाली. चांगदेवरावांनी घेतली, कारण गाडी तेवढीच जात होती.

नवाबभाई पान्यानं होईल तेवढंच काम बघतात. तारा, सेन्सर, कंप्युटर हे सगळं त्यांची मुलगी फरहा बघते. तिनं त्यातला डिप्लोमा केला आहे. चांगदेवरावांनी फाईल उघडून पान अकरा तिच्यासमोर धरलं आणि प्रकरणाचा सारांश सांगितला. फरहानं ऐकून घेतलं, गाडी चालू ठेवली आणि आपलं यंत्र जोडलं.

"सगळे गाडीतून बाहेर या," ती म्हणाली.

सगळे बाहेर आले. तिनं पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यावर एक आकडा होता, आणि तो जागेवर थांबत नव्हता. बारा, सत्तेचाळीस, तीन, साठ. तसतसं इंजिन गुरगुरत होतं आणि दबत होतं.

"अॅक्सिलरेटर किती दाबलाय, त्याचा हा आकडा. गाडीत आता कुणी आहे का?"

"नाही," चांगदेवराव म्हणाले.

"मग हा पाय कुणाचा?"

चांगदेवरावांनी खिडकीतून आत डोकावून बघितलं. (खरंच बघितलं.)

"अॅक्सिलरेटर किती दाबला, तेवढं हा सेन्सर गाडीच्या कंप्युटरला कळवतो," फरहा म्हणाली. "दुसरं काही काम नाही त्याला. स्वतः काही करत नाही, इकडचा निरोप तिकडं. पण हा चुकीचं कळवतोय, आणि कंप्युटर बिचारा खरं मानून चालतोय."

"म्हणजे आवक-जावक," तेजस्विनी म्हणाली.

नवाबभाईंना अचानक खोकला आला.

फरहानं बॉनेटखाली हात घालून सेन्सरच्या वायरचा छोटा प्लग उपसला. इंजिन एकदम शांत झालं आणि संथ चालायला लागलं. "बघा. ह्याचा निरोपच बंद केला, तर गाडी आपल्या अंदाजानं चालते. कायमचं असं ठेवू नये, पण चुकीचा निरोप येण्यापेक्षा न आलेला बरा."

"म्हणजे पार्ट खराब," चांगदेवराव घाईघाईनं म्हणाले. "कुणाचाच दोष नाही. यंत्र आहे, झिजतं. मी फाईल बंद करतो."

"थांबा," तेजस्विनी म्हणाली. "फरहा, खराब कशानं झालं ते बघ बाई."

फरहानं तो प्लग उजेडात धरला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कडेला काहीतरी चिकट वाळून बसलं होतं, तांबूस, आणि त्यात काथ्याचा एक केस अडकला होता. तिनं वास घेतला, मग नवाबभाईंच्या नाकाशी नेला.

"खवट खोबरं," नवाबभाई म्हणाले. "भाऊ, इंजिनात नारळ कुणी फोडला?"

"उंदीर," चांगदेवराव म्हणाले. "उंदरांनी आणून टाकला असेल. आमच्याकडे उंदीर फार."

"आन् हे कुंकू?" नवाबभाईंनी विचारलं.

ह्यावर उंदरांच्या बाजूनं बोलण्यासारखं काही राहिलं नाही. तेजस्विनीनं पर्समधून मोबाईल काढला, दसऱ्याचा व्हिडिओ लावला आणि गाडीच्या टपावर ठेवला. गॅरेजभर चांगदेवरावांचा आवाज घुमला. 'तीर्थ आहे ते. तीर्थानं काय होत नाही.' मग नारळ फुटल्याचा आवाज. फरहानं चित्र थांबवून मोठं केलं. पाण्याची धार त्याच प्लगवर पडत होती, दुसरीकडे थेंबही नाही.

"नेम लई भारी हाय भाऊ तुमचा," नवाबभाई म्हणाले. "दसऱ्यानंतर दोन-तीन गाड्या येतातच अशा, लोक फवारणीच्या पंपानं इंजिन धुतात. म्हणून हा पार्ट मी आणूनच ठेवतो. पण नारळ पहिलाच."

फरहानं पिना घासल्या, प्लग साफ करून वाळवला आणि नवा सेन्सर बसवला. आकडा खाली येऊन एका जागी उभा राहिला. तेजस्विनीनं आपल्या हातानं पेडल दाबून बघितलं, आकडा हळूहळू वर गेला, सोडलं, हळूहळू खाली आला.

मग तिनं फाईल मागितली. शेवटच्या पानावर लिहिलं, 'चौकशी पूर्ण. चावी जमा करण्यात येत आहे.' आणि पेन नवऱ्यापुढे धरलं. तेवीस वर्षांची सवय. चांगदेवरावांनी न वाचता सही केली, खाली तारीखसुद्धा टाकली, आणि मग वाचलं.

पावणेदहा वाजले होते. तेजस्विनी स्टेअरिंगवर बसली, तीनदा आरसा सारखा केला आणि हँडब्रेक सुटलाय का ते दोनदा बघितलं. एवढं लांब ती कधी गेली नव्हती, आणि उशीर झाला तर दोन महिने आईला भिंत धरून चालावं लागणार होतं. हे सगळं मागच्या सीटवरून चांगदेवरावांना दिसलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांना लाज वाटत होती, म्हणून जन्मात पहिल्यांदा ते गप्प बसले. गाडी निघाली. निरगुडसरला ठमाबाई खरोखरच पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. बाराला दहा मिनिटं कमी असताना तेजस्विनीनं आईचा हात धरून तिला मंचरच्या दवाखान्याची पायरी चढवली, आणि मग कुठे ती कोपऱ्यात जाऊन पोटभर रडली.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी ठमाबाईंना डिंगोऱ्याला घेऊन यायचं ठरलं. काळा चष्मा लावून त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि एकदम अवघडल्या.

"तेजू, अगं पावण्यास्नी मागं बसवलं व्हय? लोक काय म्हणत्याल?"

"बसू दे आई. त्यांनी सही केलीय."

लाज ही फार टिकाऊ वस्तू नाही. नारायणगाव येईपर्यंत चांगदेवरावांची सगळी ओसरली. जुन्नर सोडेपर्यंत त्यांनी हॉर्न, आरसा, खड्डे आणि एकूण स्त्रीवर्ग ह्यांवर मार्गदर्शन केलं. गणेशखिंडीचा चढ लागला तसे ते पुढच्या दोन सीटच्या मधे आले.

"आता सेकंड. नाही, थर्डच ठेव. पाय जरा... इतका नाही. थांब, दाब. सेकंड म्हटलं ना."

तेजस्विनीनं ऐकायचा प्रयत्न केला, आणि गाडी कालच्यासारखीच ऐन वळणावर डगमगली. ठमाबाई घाबरल्या.

"पावणं काय तरी सांगत्यात गं. ऐक की."

"नगं आई. फरहा काय म्हणली, चुकीचा निरोप येण्यापरीस न आलेला बरा. निरोप बंद केला का गाडी आपल्या अंदाजानं चालती."

ठमाबाईंना ह्यातलं काही कळलं नाही. चांगदेवरावांना सगळं कळलं. ते मागे सरकून बसले, आणि घर येईपर्यंत गाडीनं एकही आचका दिला नाही.